विषय: रांग मोडून आलेले (अमेरिकेत कागदांशिवाय येणारे)

सुधीर (प्लेनो, टेक्सास):
मंगेश, पॉटलकला तू ‘सीमा म्हणजे सरकारने मारलेली रेघ’ असं म्हणून जिलबीकडे निघून गेलास. आता माझंही ऐक. ग्रीन कार्डासाठी मी नऊ वर्षं घासली. आई आजारी असतानाही व्हिसाचं स्टँपिंग अडकेल या भीतीने भारतात गेलो नाही. आणि नदी ओलांडून आलेल्याला माफी? १९८६ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगनने अशा सुमारे २७ लाख लोकांना कायदेशीर केलं. पुढे लोंढा थांबला का? तुम्हा लिबर्टेरियनांचा, म्हणजे सरकार जितकं कमी तितकं बरं म्हणणाऱ्यांचा, अर्थतज्ज्ञ फ्रीडमनच सांगून गेलाय की खुली सीमा आणि सरकारी खैरात एकत्र नांदत नाहीत.

मंगेश (फ्रिस्को, टेक्सास):
काका, फ्रीडमन अर्धाच घेतलात. मेक्सिकोतून येणारे बेकायदेशीर आहेत तोवरच ते सगळ्यांच्या फायद्याचं, असंही तो म्हणायचा. कारण त्यांना काम मिळतं, खैरात मिळत नाही. मला हे ऐकवत नाही, पण त्याचा हिशेब तोच होता.

तुमच्या नऊ वर्षांबद्दल मला आदरच आहे. पण ती रांग छपरावर काम करणाऱ्यासाठी नाहीच हो. नोकरीवरची ग्रीन कार्डं वर्षाला १,४०,००० आणि त्यात अकुशल कामगारांना फार तर १०,०००, तीही साऱ्या जगाला मिळून आणि बायकापोरं धरून. पूर्वी ‘ब्रासेरो’ योजनेत मेक्सिकन मजूर हंगामापुरते येत आणि परत जात. १९६४ ला ती बंद झाली, मग १९६५ च्या कायद्याने मेक्सिकोच्या बाजूलाही पहिल्यांदा आकडा ठरला. शेत तेच, माणूस तोच, फक्त कागद गेला. आणि आपलं काय होतं? १९४६ नंतरही भारताचा कोटा वर्षाला १०० माणसांचा! त्या रांगेत तुमचा नंबर कधी लागला असता?

माफीबरोबर १९८६ मध्येच नोकराचे कागद मालकाने तपासायचा आय-नाईन फॉर्म आला आणि प्रत्येक दुकानदार सरकारचा बिनपगारी चौकीदार झाला. माझा खरा राग त्यावर आहे.

आम्हा लिबर्टेरियनांतही भाऊबंदकी आहे, हे कबूल. हॉपे आणि उतारवयातला रॉथबार्ड हे आमचेच विचारवंत, पण यात तुमच्या बाजूचे. जमीनमालकाच्या आमंत्रणाशिवाय कुणी येऊ नये, असं हॉपेचं म्हणणं. ठीक. मग मालकाने बोलावलं असेल तर ते आमंत्रण सरकारने का फाडायचं?

एप्रिलच्या गारपिटीनंतर तुमचं छप्पर सहा जणांनी एका दिवसात बदललं. सकाळी सातला जुन्या शिंगल्सचा खच अंगणात पडत होता, तेव्हा मी समोरच गाडी लावून उभा होतो. काकूंनी त्यांना सरबत दिलं. तुम्ही कागद विचारलेत?

सुधीर:
कागद बघणं कॉन्ट्रॅक्टरचं काम, माझं नाही. (हसू नकोस.)

पण इमर्जन्सीत आलेल्याला हॉस्पिटलने तपासल्याशिवाय परत पाठवायचं नाही, हा कायदाही १९८६ चाच. त्याचं बिल कोण भरतं? कागद नसलेल्या मुलांच्या शाळेचे पैसे टेक्सासने नाकारून पाहिले, तर १९८२ मध्ये सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी ते रद्द केलं. माझ्या प्रॉपर्टी टॅक्सचं बिल तुला पाठवू?

मंगेश:
शाळेचं म्हणाल तर तेही भाडं भरतात आणि घरमालक त्यातूनच टॅक्स भरतो. हॉस्पिटलला माझ्याकडे चोख उत्तर नाही. केटो इन्स्टिट्यूट या आमच्या विचारांच्या संस्थेतले लोक म्हणतात, भिंत देशाभोवती नको, सरकारी योजनांभोवती बांधा. १९९६ मध्ये थोडी बांधलीही: नव्या ग्रीन कार्डवाल्यालासुद्धा पहिली पाच वर्षं केंद्राच्या बहुतेक योजना बंद. पण अपघातात पाय मोडलेल्याला दारातून हाकला, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

सुधीर:
मग तू कसला लिबर्टेरियन! शनिवारी ये, ही पुरणपोळ्या करतेय. आणि गॅरेजच्या कोपऱ्यात पुन्हा पाणी झिरपतंय. कॉन्ट्रॅक्टर फोन उचलत नाही. त्या दिवशी तू त्यांच्या मुकादमाशी बोलत होतास ना? त्याचा नंबर असेल तर पाठव, इथे सगळ्यांच्या मेलिंग लिस्टवर नको.