मदत हवी आहे: माळवा आणि जोर्वे खापरांवरून थरांचा काळ कसा ठरवावा?

नवशिकी_पांढर:
नमस्कार. प्रबंधासाठी प्रवरेच्या खोऱ्यातल्या एका पांढरीवरच्या (जुन्या वस्तीच्या टेकाडावरच्या) चाचणी चरातली खापरं अभ्यासायला मिळाली आहेत. २ × २ मीटरचा चर, पाच थर, साधारण १,४०० खापरं. तळाच्या थरात माळवा, मधल्या दोन थरांत जोर्वे (दोन्ही ताम्रपाषाण काळातल्या खापरांचे प्रकार) आणि वर उत्तर जोर्वे (जोर्वेचा नंतरचा टप्पा) असा अंदाज आहे. पण रंगवलेली माळवा खापरं वरच्या थर २ मध्येही निघतात. टक्केवारी संख्येवर काढावी की वजनावर? पूर्व (आधीचं) आणि उत्तर जोर्वे वेगळं कसं ओळखावं? आणि माळवा जाऊन जोर्वे आलं म्हणजे नवे लोक आले, असं लिहिता येईल का? जाणकारांनी मदत करावी.

काठमोजणी:
रंगवलेली खापरं वेगळी काढली असतील तर आधी परत त्यांच्या त्यांच्या थरात मिसळा. नक्षी डोळ्यांत भरते, म्हणून तीच आधी मोजली जाते आणि सगळा हिशेब तिथेच बिघडतो. सुरुवात मातीपासून करा. पकडीने खापराचा छोटा कोपरा तोडून ताजी कड १० पट भिंगाखाली बघा. माळव्याच्या मातीत भुसा जळून गेल्याच्या लांबट पोकळ्या दिसतील, वर पिवळट-नारिंगी लेप आणि त्यावर काळी किंवा गडद तपकिरी नक्षी. जोर्वे बारीक, नीट मळलेल्या मातीचं, चाकावर घडवलेलं आणि चांगलं भाजलेलं असतं. तांबड्या, चकाकी नसलेल्या अंगावर काळी नक्षी असते आणि टिचकी मारली की खणखणीत वाजतं. आवाजावर एकट्यावर मात्र विसंबू नका. खापर ओलं असेल किंवा बारीक तडा गेला असेल तर उत्तम जोर्वेही बद्द वाजतं.

उत्तर जोर्वेमध्ये घाट, म्हणजे भांड्यांचे आकार, बरेचसे तेच राहतात. पोटाला धार असलेला वाडगा आहेच, पण धार बोथट होते, माती जाडीभरडी होते आणि भाजणी कच्ची राहते. म्हणून धारेजवळचे तुकडे वेगळे ठेवा आणि त्यांचा छेद १:१ प्रमाणात काढा. शेजारी शेजारी ठेवलेले वीसेक छेद शब्दांतल्या वर्णनापेक्षा जास्त सांगतात.

मोजणीचं म्हणाल तर संख्या, वजन आणि काठाची (भांड्याच्या तोंडाच्या कडेची) टक्केवारी, तिन्ही रकाने ठेवा. रांजण फुटला की शंभर तुकडे होतात, वाडग्याचे दहा. त्यामुळे संख्या आणि वजन दोन्ही मोठ्या भांड्यांकडे झुकतात. काठ समकेंद्री वर्तुळांच्या तक्त्यावर पालथा टेकवा आणि खालून उजेडाची फट दिसणार नाही असा कोन साधा. मग व्यास वाचा आणि पूर्ण वर्तुळाचा किती भाग हातात आहे ते लिहा. समजा १६ सेंमी व्यासाच्या काठाचा १२ टक्के भाग आहे, तर ०.१२. एका प्रकारच्या सगळ्या काठांची बेरीज १ झाली की ते एका भांड्याइतकं. ५ टक्क्यांहून कमी काठावर व्यासाचा भरवसा नसतो, तिथे नुसती नोंद ठेवा.

नवशिकी_पांढर:
खूप आभार. पण थर २ मधल्या माळव्याचं काय करू? माळवा तिथपर्यंत टिकला असं धरायचं का?

काळी_माती:
लगेच नको. खड्डा खणला की खालचं वर येतं. काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात, त्यातून वरचं खाली जातं. थर ५ आणि थर २ मधल्या माळवा खापरांचं सरासरी वजन काढा आणि कडा बघा. थर २ मधले तुकडे लहान आणि कडा गोटा झालेल्या असतील तर ते खालून वर आलेले, थराचा काळ ठरवताना बाजूला ठेवायचे. मोठे आणि धारदार कडांचे असतील तर प्रश्न खरा आहे. वेगवेगळ्या थरांतले तुकडे एकमेकांना जुळतात का तेही बघा. खड्ड्यातली भर असेल तर तिची पिशवी थरात कधीही मिसळू नका. एवढं झाल्यावरच थरवार टक्केवारीचा आलेख काढा.

काठमोजणी:
काळ ठरवायला कार्बन-१४ साठी नमुने देणार असाल तर लाकडी कोळसा टाळून जळालेले जवाचे दाणे द्या. लाकूड वासा म्हणून आधीच जुनं झालेलं असू शकतं. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या उत्खननातला क्रम माळवा इ.स.पू. १६००–१४००, पूर्व जोर्वे १४००–१०००, उत्तर जोर्वे १०००–७०० असा मांडला जातो. यातला शेवट पकडणं अवघड, कारण इ.स.पू. ८०० ते ४०० दरम्यान कार्बन-१४ च्या मापाचं वर्षांत रूपांतर करणारी वक्ररेषा जवळजवळ सपाट आहे. तिथे एका दाण्याची तारीख कित्येक शतकांत पसरते. थरांच्या क्रमाने तीन-चार तारखा घेतल्या तरच काही हाती लागतं.

आवा_भट्टी:
नवे लोक आले का, याबद्दल. खापरं बदलली म्हणून माणसं बदलली असं लिहू नका. इनामगावला उत्तर जोर्वेत चौकोनी घरांच्या जागी गोल झोपड्या आल्या, तरी लहान मुलांना दोन घट तोंडाला तोंड लावून घराच्या जमिनीखाली पुरण्याची रीत चालूच राहिली. हा बदल कोरड्या पडत गेलेल्या हवामानाशी जोडला जातो, नव्या वस्तीशी नाही. कच्ची भाजणी म्हणजे सरपणाची टंचाईही असू शकते.

हाताने घडवलेल्या भरड राखाडी घटांकडे खास लक्ष द्या. कर्नाटकातल्या नवाश्मयुगीन वस्त्यांच्या राखाडी भांड्यांशी त्यांचं साम्य दाखवतात. साम्य नुसतं घाटाचं आहे की भांडंच तिकडून आलं, हे मातीतल्या कणांवरून कळू शकतं. प्रवरेचं पाणलोट क्षेत्र बेसाल्टचं आहे, तिकडचा प्रदेश ग्रॅनाइट आणि नाईसचा. पातळ छेदात (सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या खापराच्या पातळ कापात) मायक्रोक्लिन हे ग्रॅनाइटमधलं खनिज आणि अभ्रक भरपूर दिसलं तर भांडं बाहेरचं. नुसत्या क्वार्ट्‌झवरून ठरवू नका, बेसाल्टच्या पोकळ्यांतही तो असतो. आणि कणबिण सगळे स्थानिक निघाले, तर घडवण्याची पद्धत कुणी शिकवली हा वेगळा प्रश्न उरतो. त्यासाठी आतल्या अंगावरचे बोटांचे आणि वळ्यांचे ठसे बघावे लागतील.

नवशिकी_पांढर:
पातळ छेदासाठी किती खापरं लागतील? आणि काही न धुतलेली खापरं अजून शिल्लक आहेत, तीही धुऊन टाकू का?

आवा_भट्टी:
प्रत्येक माती-प्रकाराची पाच ते दहा पुरतील, तीही वेगवेगळ्या भांड्यांची. न धुतलेली तशीच राहू द्या. चरबीचे अवशेष तपासायचे तर तीच कामाची. हात न लावता ॲल्युमिनियमच्या कागदात गुंडाळा, प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, प्लॅस्टिकमधली रसायनं नमुन्यात उतरतात. खापरांवर चुनखडीचा थर असेल तर आम्लाने काढू नका, मातीतला चुनाही विरघळतो.