सल्ला हवा: बिननावाची जुनी 'बुल्सआय' ४५ पिस्तूल, घडवली कुणी असेल?

लेकएरीचा_पाहुणा:
मंडळी, मुक्काम ओहायो. क्लबात बुल्सआय (एका हाताने पिस्तूल धरून कागदी लक्ष्यावर नेमबाजी) लीग खेळतो, आत्तापर्यंत उसन्या पिस्तुलावर. जवळच्या दुकानात एका दिवंगत नेमबाजाच्या संग्रहातली ४५ आली आहे. फ्रेम कोल्टची, नंबर ७०जी ने सुरू होणारा. स्लाइडवर (वरचा सरकणारा भाग) बो-मार कंपनीची लांब रिब, म्हणजे नेम धरायची पट्टी, मुठीच्या पुढच्या बाजूला हाताने काढलेलं चेकरिंग (पकडीसाठी कोरलेल्या रेषा), बुशिंग (बॅरलच्या तोंडाशी बसणारं कडं) इतकं घट्ट की पान्याशिवाय हलत नाही. ट्रिगर पावणेचार पौंडांवर सुटतो. घडवणाऱ्याचं नाव, शिक्का, आद्याक्षर, काही म्हणजे काही नाही. दुकानदार म्हणतो, "क्लार्कच आहे," आणि त्या नावाचे सहाशे डॉलर वर मागतो. ओळखायचं कसं? घ्यावी का?

खडूसकाका_टेक्सास:
क्लार्क! रिब दिसली की सगळ्यांना क्लार्कच आठवतो. जिम क्लार्क थोरले मोठे कारागीर आणि नेमबाजही, १९५८ची राष्ट्रीय पिस्तूल स्पर्धा जिंकलेले. पण बो-मार रिब कुणीही विकत घेऊन बसवू शकत होता. ती ओळख नव्हे.

आता पिस्तुलाकडे बघ. ७०जी म्हणजे १९७० ते ७६ मधलं कोल्ट गव्हर्न्मेंट मॉडेल. त्या मालिकेत कारखान्यातून बोटांसारख्या पाकळ्यांचं बुशिंग यायचं. तुझ्यात अखंड आहे का? असेल तर ते कुणीतरी नंतर बसवलंय, आणि बहुधा बॅरलही बदललंय. ग्रिपच्या पट्ट्या काढून आत बघ, बॅरलच्या माथ्यावर आणि बुशिंगच्या कडेला बघ. नाव टाळणारे लोकही तिथे काहीतरी खरडून ठेवायचे. आधी मॅगझिन बाहेर, चेंबर रिकामं, दोनदा खात्री. आणि दुकानदाराला विचारल्याशिवाय रिबच्या स्क्रूला हात लावू नकोस.

लेकएरीचा_पाहुणा:
बघितलं काका, दुकानदारासमोरच. बुशिंग अखंडच आहे. बॅरलवर आणि बुशिंगवर विजेच्या पेन्सिलीने फ्रेम नंबरचे शेवटचे आकडे कोरलेत. म्हणजे सैन्याच्या कारखान्यातलं काम का? फोर्ट बेनिंगची एएमयू (अमेरिकी लष्कराचं नेमबाजी पथक) वगैरे?

ठोकताळा:
आकडे कोरायची सवय सैन्यातली खरी, पण त्यांनी घडवलेल्या पिस्तुलांच्या फ्रेम सरकारी मालकीच्या असायच्या, त्यावर तसा छापही असायचा. ७०जी ही बाजारातली फ्रेम आहे. शिवाय सर्व्हिस पिस्तुलाच्या सामन्यांत रिब चालत नाही आणि ट्रिगर किमान ४ पौंडांचा लागतो. तुझी पावणेचारवर सुटते. बुल्सआयच्या ४५च्या फेरीला किमान साडेतीन लागतात, म्हणजे ती नियमाच्या जरा वर ठेवून त्याच फेरीसाठी बांधलेली दिसते. माझा अंदाज: सैन्याच्या संघात आर्मरर (शस्त्रं दुरुस्त करणारा) म्हणून हात बसलेला कुणीतरी, खाजगीत, ओळखीच्या नेमबाजासाठी. असे लोक नाव कशाला टाकतील? गिऱ्हाईक क्लबातलंच.

ट्रिगरगार्ड (ट्रिगरभोवतीचं कडं) चौकोनी आहे का? दोन्ही बाजूंना सेफ्टी?

लेकएरीचा_पाहुणा:
नाही. गार्ड गोल, सेफ्टी एकाच बाजूला.

ठोकताळा:
मग कॅलिफोर्नियाचा गनस्मिथ स्वेन्सनही बाद. चौकोनी गार्ड आणि दुहेरी सेफ्टी ही त्याची ठेवण.

बालेवाडी_लेन७:
वाचून मजा वाटतेय. आमच्याकडे वॉल्थर नाहीतर पार्डिनी, नाव ठळक अक्षरांत. राही सरनोबतच्या २०१८च्या एशियाडच्या सुवर्णानंतर २५ मीटरला गर्दी वाढली, पण अशी हाताने बांधलेली ४५ मी डोळ्यांनी पाहिलेली नाही. बिननावाची विकता येते तिकडे? इथे शस्त्र कायदा १९५९चं कलम ८ आहे. ओळखीची खूण नसेल तर हस्तांतर नाही.

खडूसकाका_टेक्सास:
अरे, खूण आहे ना. कोल्टचं नाव आणि नंबर फ्रेमवर आहेच. नाही ते गनस्मिथचं. कायद्याला फ्रेम पुरते, आपल्याला तेवढ्यावर झोप येत नाही.

पाहुण्या, एक करता येईल. लुइझियानातल्या क्लार्कच्या दुकानाला नंबर आणि फोटो पाठवून विचार. कोल्टकडून जुन्या नंबरांचं पत्र पैसे भरून मिळतं, पण ते फक्त पिस्तूल कारखान्यातून कधी आणि कुठे गेलं ते सांगतं, पुढच्या कामाचं काही नाही. त्यापेक्षा त्या कुटुंबाकडे जुनी पावती, स्कोअरबुक, चिठ्ठी असेल का, ते दुकानदारामार्फत विचार. कागद आला तर नावाचे पैसे दे. नाहीतर एक छदाम नको.

नेमकी_उर्मिला:
काका बरोबर आहेत, पण मी जरा उलटं म्हणेन. नाव राहू दे, काम तपास. स्लाइड मागे-पुढे कशी चालते? पूर्ण बंद झाल्यावर बॅरलच्या माथ्यावर अंगठा दाबला तर ते खाली खचतं का? खचत असेल तर फिटिंग झिजलंय, मग घडवणारा कुणी का असेना. चेकरिंगच्या रेषा कडेपर्यंत सरळ गेल्यात का, तेही बघ. आणि पॉलिश किंवा नवीन ब्लूइंग (पोलादावरचा निळसर-काळा थर) अजिबात नको. कानशीचे जुने वळ गेले की उरलेसुरले पुरावेही जातात.

लेकएरीचा_पाहुणा:
अंगठ्याने दाबून पाहिलं, जराही खचत नाही. रेषा सरळ आहेत, फक्त डाव्या कडेला एक ओळ किंचित भरकटलीय. कुटुंबाचं दुकानदार विचारतो म्हणाला. क्लबात रॅन्सम रेस्ट (पिस्तूल पक्कं धरून ठेवणारं चाचणीचं यंत्र) आहे. विकत घेण्याआधी त्यावर लावून ५० यार्डांवर दहा गोळ्या टाकू का म्हणावं?

नेमकी_उर्मिला:
म्हणच. पण गोळ्या कुठल्या हे महत्त्वाचं. १८५ ग्रेनच्या सौम्य वॉडकटरने (कागदाला स्वच्छ भोक पाडणारी लक्ष्यावरची गोळी). या पिस्तुलांत रिकॉइल स्प्रिंग हलकी असते, हार्डबॉलने (सैन्याची पूर्ण जोराची गोळी) झोडपू नकोस. दहाच्या दहा लक्ष्याच्या काळ्या वर्तुळाच्या मधोमध गेल्या तर साध्या ४५चा भाव अधिक रिब, बॅरल आणि मजुरी, इतकं सांग. त्या सहाशेंचं बोलणं पावती आल्यावर.