मदत हवी आहे : क्रूझवर खरे दागिने न्यावेत का? (आणि सासूबाईंच्या न निघणाऱ्या पाटल्या)

मोगरा_ठाणे

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. विभाग चुकला असेल तर ॲडमिननी हलवावा.

डिसेंबरात आमच्या लग्नाला २५ वर्षं होतायत. लेक सिंगापूरला नोकरी करते. तिने आम्हाला न विचारता सिंगापूर-पेनांग-फुकेत अशी ४ रात्रींची क्रूझ बुक करून टाकली. आम्ही दोघं, ती आणि सासूबाई. मुंबईहून विमानाने सिंगापूर, तिथून जहाज, आणि परत तसंच. तिसऱ्या रात्री म्हणे नटूनथटून जेवायला जायचं असतं. लेकीचं म्हणणं, "आई, त्या रात्री पैठणी आणि आजीची ठुशी. फोटोग्राफरला आधीच सांगून ठेवलंय."

घोळ या ठुशीचाच आहे. ती माझ्या आईची. १९८१ साली तिने दोन वर्षं भिशी लावून केलेली. आई आता नाही. वजन तीन तोळ्यांच्या आत-बाहेर असेल, पण तुम्ही ओळखलंच असेल की प्रश्न तोळ्यांचा नाहीये. वर्षातून दोनदा लॉकरमधून काढते, एकदा गौरींना आणि एकदा कुणाच्या लग्नाला. तीच घेऊन समुद्रावर जायचं म्हटलं की पोटात गोळा येतो. बाकी तोडे, मोठं मंगळसूत्र, मोत्यांची नथ आहेच. नवऱ्याचं म्हणणं, "एवढा खर्च करून जायचं आणि गळ्यात बेन्टेक्स?" (खर्च लेकीचा आहे, हे ते विसरलेत.)

केबिनमध्ये तिजोरी असते म्हणतात, तिच्यावर भरवसा ठेवावा का? दुसरं, सोसायटीतल्या एका काकूंना परदेशातून येताना विमानतळावर स्वतःच्याच बांगड्यांवरून दोन तास बसवून ठेवलं होतं. ते खरं असेल तर आम्ही काय करायचं?

आणि तिसरा प्रश्न सासूबाईंचा. वय ७८. हातात पाटल्या आहेत, लग्नापासूनच्या. मधल्या काळात हात जाड झाले, सांधे सुजले, त्या आता निघतच नाहीत. लॉकरमध्ये ठेवायच्या तर सासूबाईंनाच ठेवावं लागेल.

---

खवचट_खारुताई

तुळशीबाग. पुढचा प्रश्न?

---

वेंगुर्ल्याचा_खलाशी

ताई, मी ९ वर्षं क्रूझवर केबिन स्टुअर्ड होतो, आता गावी खानावळ आहे. आतली बाजू सांगतो.

तिजोरी असते, कपाटात. पासपोर्ट, थोडे पैसे, दोन-तीन पुड्या मावतील एवढी. ठुशीचा मखमली डबा मावणार नाही. चार आकडी कोड तुम्हीच टाकायचा. आधी दार उघडं ठेवून कोड दोनदा लावून बघा, मग आत काही ठेवा. लग्नाची तारीख टाकू नका, २५ वा वाढदिवस आहे हे केक बघून सगळ्या मजल्याला कळलेलं असतं. कोड विसरलात तर गेस्ट सर्व्हिसेसला सांगायचं, सिक्युरिटीचा माणूस येऊन उघडतो. म्हणजे ती उघडता येते, हे लक्षात असू द्या. पण कोण कधी दारातून आत गेलं याची नोंद कार्डाच्या कुलुपात राहते आणि कॉरिडॉरमध्ये कॅमेरे असतात. स्टुअर्ड रोज खोलीत येतो, चोरी केली तर नोकरी तर जातेच, पुढे दुसऱ्या जहाजावरही कोणी घेत नाही.

माझ्या अनुभवात चोरी झाली म्हणून आरडाओरडा झाला, त्यातल्या बहुतेक वेळी वस्तू कचऱ्यात किंवा लाँड्रीत सापडली. बायका रात्री दमून येतात, कानातलं काढतात, टिश्यू पेपरमध्ये गुंडाळतात आणि बेसिनजवळ ठेवतात. सकाळी आम्ही काय करणार? चुरगळलेला टिश्यू उचलणार. एकदा एका बाईंच्या हिऱ्याच्या कुड्यांसाठी मी आणि दुसरा एक पोरगा दीड तास पिशव्या उपसत होतो. सापडल्या. बाईंनी मला मिठी मारली, माझ्या हाताला तेव्हा आदल्या रात्रीच्या कोलंबीचा वास येत होता. तेव्हा ताई, टिश्यूत काही गुंडाळू नका, एवढं एक ऐकाच. अंथरुणावर आणि टॉवेलवरही काही ठेवू नका, चादर ओढली की सगळं खालच्या मजल्यावर लाँड्रीत.

अजून एक. चढताना मोठ्या बॅगा टॅग लावून खालीच द्यायच्या असतात. त्या केबिनच्या दाराशी येईपर्यंत काही तास जातात आणि कॉरिडॉरमध्ये तशाच उभ्या असतात. शेवटच्या रात्री उलटं, तुम्हीच बॅगा बाहेर ठेवायच्या. त्यामुळे सोनं हातातल्या पर्समध्येच. आणि उतरायच्या सकाळी तिजोरी रिकामी करायला विसरतात लोक! एक युक्ती सांगतो, त्या दिवशी घालायच्या चपलांपैकी एक आत ठेवा. अनवाणी कोणी उतरत नाही.

---

मोगरा_ठाणे

चपलेची युक्ती नवऱ्याला वाचून दाखवली. त्यांनी पहिल्यांदाच या फोरमचं कौतुक केलं.

---

कागदवाले_काका

कस्टम्सचं मी सांगतो, ३० वर्षं क्लिअरिंगच्या धंद्यात होतो.

लोकांच्या डोक्यात ४० ग्रॅम-२० ग्रॅम पक्कं बसलेलं असतं. बाईला ४०, पुरुषाला २०. ती सवलत एक वर्षाहून जास्त परदेशात राहून परत येणाऱ्यांना आहे. आठवडाभर फिरून येणाऱ्या तुम्हाला नाही. पण तुम्ही इथूनच नेलेलं सोनं परत आणताय, तर त्यावर ड्युटी लागायचं कारण नाही. फक्त ते इथूनच नेलं होतं, हे दाखवता आलं पाहिजे. त्यासाठी निघताना विमानतळावर कस्टम्सकडून एक्सपोर्ट सर्टिफिकेट घ्यायचं.

दागिने अधिकाऱ्याला प्रत्यक्ष दाखवावे लागतात, म्हणून ते चेक-इन बॅगेत टाकून मोकळं होऊ नका. तसेही विमान कंपन्या त्या बॅगेतल्या दागिन्यांची जबाबदारी घेत नाहीत. बरोबर सरकारमान्य व्हॅल्युअरचं प्रमाणपत्र आणि प्रत्येक दागिन्याचा स्वच्छ फोटो ठेवा. बिल असेल तर बिल, १९८१ चं कुठून असणार म्हणा. इमिग्रेशन ओलांडण्याआधी हे उरकायचं, तेव्हा तासभर लवकर निघा. सर्टिफिकेटचा फोटो लेकीलाही पाठवून ठेवा.

अंगावरच्या रोजच्या मंगळसूत्रासाठी एवढं करावं का? साधारण कोणी अडवत नाही. पण प्रवाशाचे स्वतःचे दागिने सामानात धरायचे की नाहीत, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. २०१७ मध्ये निकाल प्रवासी बाईच्या बाजूने लागला. एका कागदाने मिटणारी गोष्ट तिथपर्यंत कशाला न्यायची?

सासूबाईंच्या पाटल्या काढून तोलता येणार नाहीत. सोनाराकडून अंदाजे वजनाची चिठ्ठी, हातासकट जवळून काढलेला फोटो आणि घरात असेल तर पाटल्या दिसणारा एखादा जुना फोटो न्या. पुढचं अधिकाऱ्याच्या तारतम्यावर.

---

शुभदा_कोथरूड

मी वेगळं बोलते, राग मानू नका. त्या माउलीने दोन वर्षं भिशी भरून ठुशी केली ती काय बँकेच्या तळघरासाठी? २५ वा वाढदिवस एकदाच येतो. घाला हो! लॉकर म्हणजे तरी काय मोठी हमी? रिझर्व्ह बँकेचा २०२१ चा नियम बघा, बँकेत आग लागली, चोरी झाली किंवा कर्मचाऱ्याने गफला केला तरी बँकेची जबाबदारी वर्षाच्या भाड्याच्या १०० पट. भाडं ३००० असेल तर ३ लाख. आजच्या भावात त्यात काय येतं?

---

कागदवाले_काका

शुभदाताई, मुद्दा बरोबर आहे, पण जहाजावर तेवढंही नाही. समुद्रावरच्या प्रवासी वाहतुकीसाठी १९७४ चा अथेन्स करार आहे. त्याच्या पाचव्या कलमात सरळ लिहिलंय की सोनं, दागिने वगैरे मौल्यवान वस्तू जहाज कंपनीकडे सुरक्षित ठेवायला म्हणून रीतसर सोपवल्या असतील तरच तिची जबाबदारी, तीही मर्यादेपर्यंत. केबिनमधली तिजोरी म्हणजे सोपवणं नव्हे. तिकिटाच्या बारीक अक्षरांत बहुधा असंच काही सापडेल, वाचून बघा.

प्रवास विम्याचंही तेच. माझ्या पॉलिसीत बॅग हरवली तर पैसे, पण दागिने वगळलेले. घराच्या विम्यात दागिन्यांचं कलम असेल तर ते भारताबाहेर चालतं का, हे एजंटला लेखी विचारा. तोंडी "हो हो" वर जाऊ नका.

---

वेंगुर्ल्याचा_खलाशी

काका म्हणतात ते खरं. गेस्ट सर्व्हिसेसकडे मोठी तिजोरी असते, पावती घेऊन ठेवता येतं. फार कमी लोक विचारतात.

फुकेतला बऱ्याचदा जहाज धक्क्याला लागत नाही, पातोंगसमोर समुद्रात उभं राहतं. छोट्या टेंडर बोटीत पायऱ्या उतरून जायचं. आजींना दोन्ही हातांनी धरायला लागेल, त्यात पर्स सांभाळायची कोणी? तिथे सोन्याची पर्स नकोच. पेनांगला रस्त्यावर खांद्याची पर्स गाडीच्या बाजूला ठेवू नका, मोटरसायकलवाले खेचतात. ठाण्याच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

---

सोनारआळी_सातारा

पाटल्यांबद्दल. साबण, तेल हे करून झालं असेलच. सकाळी उठल्या उठल्या सूज कमी असते, तेव्हा हात पाच मिनिटं उंच धरायचा, मग गार पाण्यात, मग पातळ प्लॅस्टिकची पिशवी हातावर चढवून पाटली तिच्यावरून सरकवायची. अंगठा तळव्यात दुमडून. जबरदस्ती अजिबात नको, या वयात कातडी कागदासारखी असते. नाहीच निघाली तर आम्ही कापतो आणि डाक देऊन जोडतो, थोडी घट येते. पण आजींना नको असेल तर क्रूझपायी कापू नका. ज्या पाटल्या मालकिणीच्याच हातून निघत नाहीत, त्या चोराला काय निघणार!

ठुशी नेणार असाल तर आधी पटवेकऱ्याकडून गुंफून घ्या. एवढ्या वर्षांत दोरा आतून कुजलेला असतो, वरून कळत नाही. मोत्यांच्या नथीला पोहण्याच्या तलावाचं पाणी आणि सनस्क्रीन दोन्ही वाईट. आणि पाण्यात बोटं आकसतात, अंगठी कधी सुटली कळतही नाही.

---

मोगरा_ठाणे

सगळ्यांचे मनापासून आभार. घरात तीन दिवस दुसरा विषय नाही.

पिशवीचा प्रयोग केला. डावी पाटली अंगठ्याच्या हाडापर्यंत आली आणि तिथे बसली. सासूबाई कळवळल्या, मग मीच थांबवलं. सोनाराकडे जाऊन कापून घेऊ का म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "पाटल्या निघत नाहीत म्हणून मी निघायचं नाही की काय?" विषय संपला. फोटो काढलेत. त्यांच्या लग्नातला एक ब्लॅक अँड व्हाइट फोटोही सापडला, पाटल्या त्यात अगदी स्पष्ट आहेत, सासरे थोडे पुसट.

शुभदाताई, तुमचं वाचून रात्रभर तळमळले. ठुशी काढली, पटवेकऱ्याकडे नेली. त्याने दोन बोटांनी जरा ताणली आणि दोरा तुटला! तिथेच त्याच्या गादीवर. ती गळ्यात असताना तुटली असती तर? गुंफून होईल, पण ती आता नेववत नाही. तोडेही नाहीत. रोजचं छोटं मंगळसूत्र गळ्यात, बस्स. खारुताई, तुम्हीच जिंकलात. भावजय तुळशीबागेतून मोत्यांची नथ आणि एक ग्रॅमची ठुशी घेऊन येतेय, साडेचारशे रुपयांत. नवऱ्याला सांगितलेलं नाही.

---

खवचट_खारुताई

मी पहिल्याच ओळीत सांगितलं होतं. परत आल्यावर वृत्तांत हवा.

---

मोगरा_ठाणे

वृत्तांत. परवा परत आलो.

सर्टिफिकेट घेतलं, अधिकाऱ्याने ब्लॅक अँड व्हाइट फोटो दोनदा बघितला आणि सासूबाईंना "आजी, हाच का फोटो?" विचारलं. त्या लाजल्या. येताना कोणी काही विचारलं नाही. जहाजावर दर वेळी परत चढताना पाटल्या वाजायच्या, रखवालदार हातातलं यंत्र फिरवायचा, सासूबाई दोन्ही हात पुढे करून उभ्या राहायच्या. तिसऱ्या वेळेपर्यंत तो त्यांना नावाने ओळखायला लागला. चपलेची युक्ती केली, आणि चपलेमुळेच पासपोर्ट राहता राहता राहिले. खलाशीदादा, तुम्हाला ठाण्यात मिसळ लागू.

आता मुख्य. फॉर्मल नाइट. पैठणी, नथ, ठुशी, फोटो सगळं झालं. सूप आलं आणि मी पदर सावरायला हात मागे नेला तर ठुशीचा गोंडा नखात अडकला. तुटली. मणी टेबलावर, मांडीत, गालिच्यावर, शेजारच्या टेबलाखाली. मी "इट्स ओके, इट्स ओके" म्हणतेय, पण कोण ऐकतंय? तीन वेटर गुडघ्यांवर बसून टेबलाखाली शिरले. एकाने मोबाइलचा टॉर्च लावला. शेजारचे आजोबा पाय वर उचलून बसले. नवरा पांढराफटक पडलेला, त्याला अजून सांगितलेलंच नव्हतं. मी कानात सांगितलं तर म्हणाला, "हळू बोल, ते शोधतायत."

दुसऱ्या दिवशी दुपारी केबिनच्या दारात गेस्ट सर्व्हिसेसची मुलगी उभी. हातात सीलबंद पाकीट, वर आमचा केबिन नंबर आणि मोठ्या अक्षरांत "व्हॅल्युएबल्स". व्हॅक्यूम क्लीनरच्या पिशवीत आणखी १९ मणी सापडले होते. तिने माझ्यासमोर एकेक मोजून दिला. मी सही केली.