ईस्टर्न फ्रीवे ठाण्यापर्यंत: आनंदनगर-कोपरीकरांनी काय पाहावं?

कोपरीकर: मुंबईच्या ईस्टर्न फ्रीवेला जोडून घाटकोपरचं छेडानगर ते ठाण्याचं आनंदनगर असा सुमारे १३ किमीचा उन्नत रस्ता येतोय. जुन्या फ्रीवेवरून काय शिकायचं? सोसायटीने आत्ता काय करावं?

पूर्वद्रुतगती: उतार, म्हणजे वरून खाली आणणारा रॅम्प, कुठे येतो ते आधी बघा. जुना फ्रीवे दक्षिण मुंबईतल्या ऑरेंज गेटपासून चेंबूरच्या पांजरापोळपर्यंत जून २०१३ला सुरू झाला, तिथून घाटकोपर-मानखुर्द जोडरस्त्यापर्यंतचा भाग जून २०१४ला. वर वाहनं सुसाट, पण उतरताच शिवाजीनगर सिग्नलला अडकायची; कोंडी संपली नाही, गोवंडीच्या दारात येऊन बसली. शिवाय दुचाकीला बंदी आणि चालणाऱ्याला काहीच नाही. पांजरापोळच्या वस्तीला तर घरंच सोडावी लागली. फायदा एकाचा, झळ दुसऱ्याला, हे मला अन्यायाचंच वाटतं.

म्हणून नकाशात उताराचा शेवट, खालच्या लेनची रुंदी आणि पादचारी ओलांडणी तपासा. चार लेन उतरून दोनमध्ये घुसल्या की रांग मागे रॅम्पवर चढणारच.

वनिताताई_मुलुंड: दादा, आवाजाचंही बघा. निवासी भागात मर्यादा दिवसा ५५, रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल. काम सुरू व्हायच्या आधीच खिडकीपाशी मोजून नोंद ठेवा, नाहीतर वाढ दाखवणार कशी? आणि ध्वनिरोधक पत्रे जोडांवरही सलग हवेत, फटीतून आवाज येतोच.

कोपरीकर: आणि झाडं?

वनिताताई_मुलुंड: झाडतोडीची नोटीस लागल्यापासून हरकतीला फक्त ७ दिवस. झाडाचा क्रमांक लिहून लेखी द्या, पोच घ्या.