मदत हवी आहे: जुना फिल्म कॅमेरा घेताना सगळ्यात आधी काय पाहू?

नमस्कार मंडळी, मी सोलापूरचा. संक्रांतीच्या गड्डा यात्रेत नंदीध्वजांची मिरवणूक फिल्मवर टिपायची फार इच्छा आहे. त्यासाठी जुना पेंटॅक्स के१००० किंवा निकॉन एफएम२ घ्यायचा विचार आहे. दोन्हींचे शटर यांत्रिक, बॅटरी लागते ती फक्त प्रकाश मोजणाऱ्या मीटरला.

सगळे म्हणतात, लेन्सवर पैसे घाला. पण लेन्स पुढे बदलता येते, व्ह्यूफाइंडर (डोळा लावून बघायची खिडकी) नाही. गर्दीत फोकस हातानेच जुळवायचा, तर आतलं चित्र स्वच्छ दिसायलाच हवं. मला तोच भाग मोलाचा वाटतो. मीटर बंद असला तरी चालेल का? तसाही भर उन्हात मिरवणुकीतल्या लोकांच्या पांढऱ्या बाराबंदीवर (पारंपरिक अंगरख्यावर) मीटर फसतो, पांढरं करडं करून टाकतो. प्रकाश एक-दीड स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट) वाढवावाच लागतो.

खरी धास्ती शटरची. १/१००० सेकंदाचा वेग खरंच तेवढा आहे, हे फिल्म न घालता कसं ओळखायचं? मागच्या झाकणाचा, प्रकाश अडवणारा फोम विरघळला असेल तर तो घरी बदलता येतो का? आणि सोलापुरात किंवा पुण्यात असे कॅमेरे दुरुस्त करणारं कुणी माहीत असेल तर कृपया सांगा.