सातांपैकी किती लक्षात राहिले?

सात जणांना दोन तास पुरत नाहीत, निम्मे लक्षातच राहत नाहीत, हे 'मॅग्निफिसंट सेव्हन' या, गावाला लुटारूंपासून वाचवणाऱ्या सात बंदूकबाजांच्या चित्रपटाबद्दलचं मत मला अर्धंच पटलं. ज्यावरून तो बेतला, त्या जपानी दिग्दर्शक कुरोसावांच्या 'सेव्हन सामुराई'ला (१९५४) जवळजवळ साडेतीन तास मिळाले होते. जॉन स्टर्जेसने १९६० साली तीच गोष्ट दोन तासांत बसवली, त्यात सातांपैकी रॉबर्ट वॉनचा ली चेपला गेला हे खरं. पण जेम्स कोबर्न? मोजके संवाद, एक चाकू, आणि गडी डोक्यात घर करून बसतो!

मी हा पहिल्यांदा मालवणला मामांकडे भाड्याच्या व्हीसीआरवर पाहिला. बाहेर आषाढ कोसळत होता. लुटारूंशी लढायचं की धान्य देऊन मोकळं व्हायचं, यावर शेतकऱ्यांचा वाद पेटला तसे मामा म्हणाले, "ही तर आमची गावकी! ठराव काय होवचो नाय."

२०१६च्या आवृत्तीत डेन्झेल वॉशिंग्टन रुबाबदार आहे, पण खलनायक नुसताच दुष्ट. जुन्यातल्या लुटारूंच्या म्होरक्याला, ईलाय वॉलॅकच्या काल्वेराला, निदान स्वतःच्या माणसांच्या पोटाची काळजी होती. आणि बापांना भित्रे म्हणणाऱ्या पोरांना चार्ल्स ब्रॉन्सन झापतो, तो प्रसंग नव्यात कुठे आहे?