मदत हवी आहे: आण्णांना लिव्हरचा त्रास, त्यात कोरोना निघाला (जानेवारी २०२२)

धारूरकर:
आण्णा पॉझिटिव्ह आलेत. वय ५८. लिव्हरचा त्रास आधीपासूनच आहे. गावातले डॉक्टर म्हणायलेत ही तिसरी लाट सौम्य आहे, घरीच ठेवा. मेडिकलवाल्यानं गोळ्या दिल्यात. लिव्हर खराब असलं की कोरोना जास्त धरतो का? लवकर सांगा.

गोदाकाठ:
लिव्हरचा त्रास म्हणजे नेमका काय? फॅटी लिव्हर का सिरोसिस, म्हणजे लिव्हर कडक होऊन आकसणं? ऑक्सिजन किती? लस? एवढ्यावर काय पंचांग बघून सांगायचं का?

रानवारा:
गुळवेलीचा काढा द्या, सकाळ-संध्याकाळ. आमच्या घरात पाच जण त्याच्यावरच उठून बसले.

वॉर्डातली ताई:
काढा अजिबात नको. २०२१ मध्येच मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेऊन लिव्हरला इजा झालेले पेशंट नोंदवलेत.

रानवारा:
आयुष मंत्रालयानं ते तेव्हाच नाकारलं होतं. अर्धंच सांगू नका.

धारूरकर:
भांडू नका वो. सिरोसिस आहे. दिवाळीपासून दोनदा पोटातलं पाणी काढलं. लस एकच झाली. ऑक्सिजन ९५.

तुरीचं रान:
दारू होती का?

धारूरकर:
होती. सोडून दीड वर्ष झालं. त्याचा इथं काय संबंध?

गोदाकाठ:
आहे संबंध. २९ देशांतल्या लिव्हर पेशंटच्या नोंदी निघाल्यात. कोरोना झालेल्यांपैकी सिरोसिसवाले ३२ टक्के गेले, सिरोसिस नसलेले ८ टक्के. सिरोसिसचे ए, बी, सी असे वर्ग असतात, सी सगळ्यात गंभीर. ए मध्ये १९, बी मध्ये ३५, सी मध्ये ५१ टक्के. गेलेले बहुतेक फुप्फुसानं गेले. दारूनं लिव्हर गेलेल्यांना धोका आणखी जास्त निघाला. अर्थात हे २०२० चे, लस यायच्या आधीचे आणि बहुतेक ॲडमिट असलेल्यांचे आकडे.

तुरीचं रान:
बाप आजारी असलेल्या माणसाला हे आकडे ऐकवायचे असतेत का?

लातूरचा पाहुणा:
माझ्या सोनोग्राफीत फॅटी लिव्हर ग्रेड १ आलंय. अंडी चालतील का?

वॉर्डातली ताई:
धारूरकर दादा, गोळ्यांची नावं पट्टीमागं बघून टाका.

धारूरकर:
पट्टी फाटलीय. '...फेनॅक' आणि खाली 'पॅरासिटामॉल ३२५' एवढंच दिसायलंय. दिवसातून तीनदा देतोय. कालपासून दिवसभर शांत झोपायलेत, तेवढाच आराम. रात्री मात्र टक्क जागे, मला माझ्या पोराच्या नावानं हाक मारायलेत. ते रोजचं गोड पातळ औषध बंद केलंय, कोरोनानं जुलाब व्हायलेत म्हणून.

वॉर्डातली ताई:
हा आराम नाही दादा. दिवसा झोप, रात्री जाग, माणूस न ओळखणं म्हणजे लिव्हर जे साफ करायचं ते मेंदूपर्यंत चाललंय. गोड औषध त्याच्यासाठीच होतं. ती 'फेनॅक'वाली दुखण्याची गोळी आत्ता बंद करा, सिरोसिसमध्ये तिनं किडनी बसते, पोटात रक्तस्राव होतो. तापाला नुसती पॅरासिटामॉल, तीही दिवसाला २ ग्रॅमच्या आत. एक करा: त्यांना हात समोर करून पंजे वर ताणायला सांगा, ट्रॅफिक पोलीस गाडी थांबवतो तसे. संडास काळी होते का तेही बघा.

तुरीचं रान:
पाहुणे, अंडी खा की बाबा. तेलकट आणि गोडधोड कमी करा. दुसरा धागा काढा.

धारूरकर:
संडास काळी नाही. पंजे धरले, पण टिकंनात. खाली पडतेत, परत उचलतेत, परत पडतेत. आई रडायलीय.

वॉर्डातली ताई:
पंजे असे पडतेत म्हणजे मेंदूवर परिणाम झालाय. ऑक्सिजन ९५ असला तरी घरी ठेवायचं नाही. आजच, आत्ता.

गोदाकाठ:
अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात घेऊन जा. पाणी काढल्याचे कागद, जुने रिपोर्ट आणि ती फाटकी पट्टीसुद्धा घ्या.

धारूरकर:
चुलत्याची गाडी आलीय. लस एकच झालीय म्हणून ॲडमिट करून घेणार नाहीत असं इथं कुणीतरी म्हणायलंय. खरंय का?

वॉर्डातली ताई:
खोटंय. निघा आधी.